दिवसभर मेडिकलमध्ये काम आणि रात्री डी.फार्म एक्झिट एक्झामचा अभ्यास, कसा बसवायचा?

कोपरी_ईस्ट

नमस्कार सगळ्यांना. जरा मोठं लिहितेय, समजून घ्या.

माझं डी.फार्म म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा झालाय, 500 तासांचं ट्रेनिंगपण झालं, आता फार्मासिस्ट म्हणून रजिस्ट्रेशन व्हायला लागते ती एक्झिट एक्झाम द्यायचीय. राहते ठाण्यात कोपरीला आणि कामाला कोपरखैरण्याला एका मेडिकलमध्ये आहे. अजून रजिस्ट्रेशन नाही त्यामुळे मदतनीस म्हणूनच, तिथे रजिस्टर्ड फार्मासिस्ट सर आहेत त्यांच्या हाताखाली. सकाळी नऊला घर सोडते, दुपारी दुकान तीन तास बंद असतं पण तेवढ्यासाठी ठाण्याला येऊन परत जाणं परवडत नाही म्हणून मागच्या खोलीत खोक्यांमध्ये बसून डबा खाते आणि पुस्तक उघडते, रात्री ट्रान्स हार्बरने ठाणे आणि घरी पोचेपर्यंत अकरा वाजतात. मग डोळे उघडे राहत नाहीत.

दहावीपर्यंत मराठी मीडियम. कॉलेजला कसंबसं इंग्लिश पुस्तकांतून केलं, थिअरी पाठ करून लिहिली की मार्क मिळायचे. आता तिन्ही पेपर एमसीक्यू आणि इंग्लिशमध्येच, प्रत्येक पेपरात वेगवेगळे 50 टक्के पाहिजेत आणि तिन्ही एकाच अटेम्प्टला पास व्हावे लागतात, म्हणजे दोन छान गेले आणि एक राहिला तर परत तिन्ही. हेच डोक्यात फिरत राहतं.

गेल्या रविवारी घरी घड्याळ लावून विषयवार सराव पेपर सोडवले. फार्माकॉलॉजी 57, फार्मास्युटिक्स 52 आणि कायद्यात 100 पैकी 38!! मला खरंच रडू आलं. रोज दुकानात उभी असते, शेड्यूल एच, एच वन (चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या याद्या), बिल, रजिस्टर हे सगळं डोळ्यासमोर असतं, मला वाटलेलं कायदा तर आपला हुकमी विषय. आणि फार्माकॉलॉजीत पण एक गोष्ट लक्षात आली, मला ब्रँड सगळे येतात, कुठली गोळी कुठल्या रॅकला हे झोपेत सांगेन, पण प्रश्नात जेनेरिक म्हणजे औषधाचं मूळ नाव आलं की डोकं बंद.

तर विचारायचं होतं की क्लास लावू का, कारण फी माझ्या दोन पगारांएवढी आहे. सुरुवात कुठून करू? आणि गणितं, ती तर मी सोडूनच देते. कुणी नोकरी सांभाळून केलं असेल तर प्लीज सांगा. आईला सांगून ठेवलंय की या वर्षी मुलुंडला जाऊन नोंदणी करायचीच.

---

घणसोली_फार्मासिस्ट

ताई, आधी खरं सांगतो, मला ही परीक्षा द्यावी लागली नाही. आमच्या वेळी डी.फार्म पास झालं की कागदपत्रं घेऊन थेट मुलुंड वेस्टला स्टेट फार्मसी कौन्सिलच्या ऑफिसात जायचं. एक्झिट एक्झामचे नियम फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने 2022 मध्ये काढले. पण माझ्या दुकानात दोन मुलं आत्ता याच तयारीत आहेत आणि त्यांचा अभ्यास मी रोज घेतो म्हणून लिहितोय.

तू म्हणतेस ब्रँड येतात पण जेनेरिक नाही. मग निम्मं काम झालंय तुझं, तुला ते दिसत नाहीये एवढंच. स्ट्रिप उलटी कर. मागे कॉम्पोझिशन लिहिलेलं असतं, ते वाच, मोठ्याने वाच, आणि मगच रॅकला ठेव. माल आला की तसंही तू बॅच आणि एक्सपायरी चेक करतेस ना, त्यात तिसरी गोष्ट घाल, जेनेरिक नाव. मी आमच्या मुलांना नियमच केलाय की रॅकला माल लावताना तोंडाने जेनेरिक नाव म्हणायचं, ब्रँड नाही. पंधरा दिवसांत फरक दिसला.

मग नावाचं शेपूट बघायला शीक. आधी बीपीच्या गोळ्या घे: शेवटी प्रिल असेल तर एसीई इनहिबिटर, सार्टन असेल तर एआरबी, ओलॉल म्हणजे बीटा ब्लॉकर, डिपिन म्हणजे कॅल्शियम चॅनल ब्लॉकर, ग्लिप्टिन आणि ग्लिफ्लोझिन दोन्ही डायबेटिसच्या पण काम वेगळं, ग्लिप्टिन डीपीपी फोर अडवतं आणि ग्लिफ्लोझिन किडनीतून साखर लघवीवाटे बाहेर काढतं. प्राझोल म्हणजे पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, ॲसिडिटीच्या गोळ्या, प्रोटॉन पंप इनहिबिटर, म्हणून उपाशीपोटी. आता इथे एक फसवा भाग आहे, नुसतं अझोल दिसलं की मुलं अँटीफंगल मारतात. फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल बरोबर, पण मेट्रोनिडॅझोल अँटीफंगल नाही आणि अल्बेंडॅझोल तर जंताची गोळी.

आणि प्रत्येक औषधाचं सगळं पाठ नको करू. तुझ्या काउंटरला रोज ज्या चिठ्ठ्या येतात त्यातल्या एका चिठ्ठीवर दुपारच्या त्या तीन तासांत बस. समज टीबीची चिठ्ठी आली. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्बुटॉल, हे चार पहिले दोन महिने, पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून तीन. आता एकेकाचा त्रास: रिफाम्पिसिनने लघवी लालसर केशरी होते, पेशंट घाबरून काउंटरला येतो, तू पाहिलंच असशील. आयसोनियाझिडने हातापायाला मुंग्या, म्हणून सोबत बी सिक्स म्हणजे पायरिडॉक्सिन. इथॅम्बुटॉल डोळ्यांवर जातं, पायराझिनामाइड युरिक ॲसिड वाढवतं. या एका चिठ्ठीतून चारपाच एमसीक्यू सुटतात. पुस्तकातला धडा दहा वेळा वाचून जे राहत नाही ते एका पेशंटच्या चेहऱ्यासोबत राहतं, हा माझा अनुभव आहे.

घरात कुणाला बीपी आहे का? त्यांच्या गोळ्यांपासून सुरू कर.

---

कोपरी_ईस्ट

दादा खूप खूप धन्यवाद. हो, आईला बीपी आहे. आत्ता तिच्या डब्यातली स्ट्रिप उलटी करून बघितली, टेल्मिसार्टन आणि अमलोडिपिन एकत्र. म्हणजे सार्टन आणि डिपिन! आणि एक सांगू का, दोन वर्षांपूर्वी तिला आधी दुसरी गोळी होती, तेव्हा तिला कोरडा खोकला लागायचा, रात्र रात्र, आम्ही काढे करून दिले, छातीचा एक्सरे पण काढला. मग डॉक्टरांनी गोळी बदलली आणि खोकला गेला. जुनी फाइल काढून बघितलं तर ती एनालाप्रिल होती. प्रिल!! पुस्तकात ड्राय कफ हे दोन शब्द मी शंभरदा वाचले असतील पण आईच्या खोकल्याशी कधी जोडलेच नाहीत.

---

नौपाड्याच्या_मॅडम

मी डी.फार्मला कायदा आणि फार्माकोग्नोसी म्हणजे वनस्पतींपासूनच्या औषधांचा विषय शिकवते, बरीच वर्षं झाली. घणसोलीच्या सरांनी लिहिलेलं फार्माकॉलॉजीसाठी अगदी योग्य आहे पण कायद्यासाठी मात्र हीच पद्धत वापरलीस तर 38 चे 35 होतील, म्हणून मुद्दाम लिहितेय.

बाळा, तुला कायद्यात कमी पडले ते दुकानात काम करतेस म्हणूनच पडले. दुकानात रोज जे होताना दिसतं ते डोक्यात नियम म्हणून बसतं. गिऱ्हाईक येऊन सांगतं की ती मागच्या वेळची अँटिबायोटिक द्या तीन गोळ्या, आणि पुष्कळ ठिकाणी दिली जाते. मग प्रश्न येतो की अमुक औषध चिठ्ठीशिवाय देता येतं का, तेव्हा पेपर बघताना हात आपोआप सवयीच्या उत्तराकडे जातो. दरवर्षी हे बघते मी, कामावर जाणारी मुलं कायद्यात मागे आणि घरी बसून वाचणारी पुढे. पेपरमध्ये उत्तर कायद्याचं लिहायचं, बाजाराचं नाही. आणि उद्या तुझ्या नावाचं सर्टिफिकेट भिंतीवर लागेल तेव्हाही तेच.

आता अभ्यासाचं. स्ट्रिपच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बघ. शेड्यूल एचला आरएक्स असतं. एच वनला आरएक्स लाल रंगात आणि खाली लाल चौकटीत इशारा. एनडीपीएस म्हणजे नशेच्या औषधांचा कायदा, त्यातल्या औषधाला एनआरएक्स लाल. शेड्यूल एक्स म्हणजे एच वनपेक्षाही कडक यादी, तिला एक्सआरएक्स लाल. चारच चिन्हं, पण यावर प्रश्न फिरवून फिरवून विचारता येतात. एच वन 1 मार्च 2014 पासून लागू झालं, त्यात सुरुवातीला 46 औषधं होती, टीबीची, सेफिक्झिम सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनसारखी पुढच्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स, कार्बापेनेम्स, आणि झोपेची सवय लावणारी अल्प्राझोलाम, झोल्पिडेम वगैरे. त्याचं वेगळं रजिस्टर, डॉक्टरचं नाव पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. इथे एक जागा जिथे सगळे घसरतात: अझिथ्रोमायसिन. अँटिबायोटिक आहे, खप प्रचंड आहे, म्हणून मुलं एच वन मारतात. ते त्या 46 मध्ये नव्हतं, ते शेड्यूल एचचं. लिव्होफ्लॉक्सासिन मात्र एच वन.

लायसन्सचे फॉर्म पाठ हवेतच. रिटेलसाठी 20 आणि 21, होलसेलसाठी 20 बी आणि 21 बी, शेड्यूल एक्सच्या रिटेलसाठी 20 एफ. तुमच्या दुकानात लायसन्स फ्रेम करून लावलेलं असेल, उद्या गेलीस की पाच मिनिटं त्याच्यासमोर उभी राहून अक्षर अन् अक्षर वाच. जागा किती लागते तर रिटेलला 10 चौरस मीटर, रिटेल आणि होलसेल दोन्ही एकत्र असेल तर 15. तुमचं दुकान डोळ्यांनी मोजून बघ, आकडा कायमचा बसेल.

सालं एका ओळीत सांगते, वहीच्या पहिल्या पानावर लिही. पॉयझन्स ॲक्ट 1919, ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स ॲक्ट 1940 आणि त्याचे रूल्स 1945, फार्मसी ॲक्ट 1948, मॅजिक रेमेडीज 1954, एमटीपी म्हणजे गर्भपाताचा 1971, एनडीपीएस 1985, डीपीसीओ म्हणजे औषधांच्या किमतींचा 2013, फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स 2015. मॅजिक रेमेडीज मुलांना कंटाळवाणा वाटतो. लोकलच्या डब्यात दारापाशी डायबेटिस मुळापासून बरा, मुतखडा गॅरंटीने बाहेर अशी स्टिकरं चिकटवलेली असतात ना, रोज येताजाता वाचतेस, तो कायदा त्यांच्यासाठीच आहे. त्या यादीत डायबेटिस, कॅन्सर, खडे सगळे आहेत. आता स्टिकर दिसलं की 1954 आठवेल.

फार्माकोग्नोसीबद्दल थोडंच सांगते कारण तो विषय आपल्या घरातलाच आहे. अडुळसा म्हणजे वासाका, त्यात व्हॅसिसिन. सोनामुखी म्हणजे सेना, सेनोसाइड्स, बद्धकोष्ठाला. ज्येष्ठमध, ग्लिसिरायझिन. सदाफुलीतून व्हिंक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन, कॅन्सरची औषधं, कुणाच्याही कुंडीत असते ती. सर्पगंधा, रेसरपिन. लवंगेत युजेनॉल. जांभळी नाक्याला वाणसामान आणायला गेलीस की प्रत्येक पुडीला इंग्लिश नाव आणि कुळ म्हणत जा. टेस्ट मात्र पाठच कराव्या लागतात, त्याला उपाय नाही: अल्कलॉइडला ड्रॅगेनडॉर्फ रिएजंट केशरी तांबडा, मेयर पांढरट, हेगर पिवळा, आणि अँथ्राक्विनोनला बॉर्नट्रेगर.

---

दिघा_लोकल

क्लासबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी लावलेला, नाव घेत नाही. पैसे भरले, पहिले तीन आठवडे बरं चाललं, मग शिकवणारे सर बदलले आणि नुसत्या पीडीएफ यायला लागल्या ग्रुपवर, त्यात उत्तरंपण चुकीची, एका ठिकाणी तर इन्सुलिन फ्रीझरमध्ये ठेवायचं लिहिलेलं. सगळे क्लास असे असतील असं नाही पण दोन पगार जाणार असतील तर आधी चार लेक्चर फुकट बसू देतात का विचार. मी शेवटी महापालिकेच्या अभ्यासिकेत बसायला लागलो सकाळी सहा ते आठ. नवीन कोर्सची पुस्तकं म्हणजे ईआर 2020 ची, ती तुझ्याकडे असतीलच, तीच परत परत. जुन्या सिलॅबसची गाइडं घेऊ नको.

आणि एक, कुणी एजंट भेटला की परीक्षेचं बघून घेतो, इतके द्या, तर फोन ठेवून दे. माझ्या ओळखीतल्या एकाचे असेच पैसे गेले. परीक्षा एनबीईएमएसकडे आहे, नीट पीजी घेणारी तीच संस्था, फॉर्म आणि तारखा त्यांच्याच साइटवर बघायच्या.

अटेम्प्टची मर्यादा नाहीये हे पण लक्षात ठेव, म्हणजे हीच शेवटची संधी वगैरे दडपण घेऊ नकोस.

---

गणितवाला_ऐरोली

गणितं सोडून देते हे वाचून राहवलं नाही. ताई गणितं सोडू नकोस!! थिअरीत दोन पर्याय सारखे वाटतात, गणितात वाटत नाहीत, आलं की आलं. आणि लागणारे प्रकार मोजून सहासात आहेत, सातवीच्या पुढचं गणित त्यात नाही.

पहिलं, टक्के. 1 टक्का डब्ल्यू बाय व्ही म्हणजे 100 मिलीत 1 ग्रॅम. बस. 0.9 टक्के सलाइनच्या 500 मिलीच्या बाटलीत मीठ किती? 4.5 ग्रॅम. 

दुसरं, मुलांचे डोस. यंगचा फॉर्म्युला म्हणजे वय भागिले वय अधिक 12, गुणिले मोठ्यांचा डोस. डिलिंगचा म्हणजे वय भागिले 20. क्लार्कचा वजनावर, पौंडात, भागिले 150. फ्राइडचा महिन्यांत, भागिले 150. आता मोठ्यांचा डोस 500 मिग्रॅ आणि मूल 8 वर्षांचं धरून यंग आणि डिलिंग दोन्ही कर. दोन्हीकडे 200 येतं. का? कारण 8 अधिक 12 बरोबर 20. अशी एखादी गंमत सापडली की फॉर्म्युल्यांची अदलाबदल होत नाही, मला तरी या 8 वर्षांच्या मुलानेच वाचवलं.

तिसरं ॲलिगेशन, ज्याला सगळे घाबरतात. 95 टक्के आणि 60 टक्के अल्कोहोलपासून 70 टक्के करायचंय. डावीकडे वर 95 खाली 60, मध्ये 70. तिरकं वजा कर. 70 वजा 60 बरोबर 10, हे 95 वाल्याचे भाग. 95 वजा 70 बरोबर 25, हे 60 वाल्याचे. म्हणजे 10 ला 25, म्हणजे 2 ला 5. मन सांगतं तसं बघ, 70 हे 60 च्या जवळ आहे तर 60 वालं जास्त लागणारच. उत्तर उलटं आलं तर इथेच कळतं.

प्रूफ स्पिरिट, म्हणजे अल्कोहोलची तीव्रता मोजायचं जुनं माप: टक्के गुणिले 1.753 वजा 100. उत्तर अधिक आलं तर ओव्हर प्रूफ, उणे आलं तर अंडर प्रूफ. 90 टक्क्यांचं 57.77 ओव्हर प्रूफ.

आयसोटॉनिकचं, म्हणजे द्रावण रक्ताशी जुळवायचं, 0.52 वजा ए, भागिले बी. ए म्हणजे औषधाच्या द्रावणाने गोठणबिंदू किती उतरतो ते, बी म्हणजे जुळवायला घालतो त्या पदार्थाच्या 1 टक्का द्रावणाने किती उतरतो ते. रक्ताचा गोठणबिंदू उणे 0.52 म्हणून तो 0.52.

आणि इन्सुलिन. आपल्याकडे व्हायल 40 युनिट पर मिली येते आणि पेनची कार्ट्रिज 100 युनिट पर मिली. सिरिंज पण वेगळी, 40 ची लाल टोपी, 100 ची केशरी. 20 युनिट म्हणजे 40 च्या व्हायलमधून अर्धा मिली. कुणी 40 च्या व्हायलला 100 ची सिरिंज लावून 20 च्या रेघेपर्यंत भरलं तर 0.2 मिलीच जाईल, म्हणजे 8 युनिट. पेशंटची शुगर उतरत नाही आणि कुणाला कारण कळत नाही. हे गणित परीक्षेला येवो न येवो, फार्मासिस्टला आलंच पाहिजे.

तुला एक देतो, सोडवून इथेच टाक. बाळाचं वजन 12 किलो, डॉक्टरांनी पॅरासिटामॉल 15 मिग्रॅ प्रति किलो लिहिलंय. 120 मिग्रॅ पर 5 मिलीचं सिरप दिलं तर किती मिली आणि 250 मिग्रॅ पर 5 मिलीचं दिलं तर किती?

---

वाशी_रिपीट

इंग्लिशबद्दल. माझंही मराठी मीडियम, साताऱ्याकडचं गाव, आता वाशीत. मला हळूहळू समजलं की मी विषयात नाही, प्रश्न वाचण्यात चुकतेय. एक्सेप्ट, नॉट, लीस्ट लाइकली हे शब्द घाईत डोळ्यांना दिसतच नाहीत. मी सराव करताना पेन्सिलने आधी तो शब्द गोल करायचे आणि मगच पर्यायांकडे जायचे. इंडिकेटेड आणि कॉन्ट्राइंडिकेटेड यात सुरुवातीला माझे किती मार्क गेले असतील. एक छोटी वही कर, प्रश्नात वारंवार येणारे शब्द आणि समोर तुझ्या मराठीत अर्थ, शब्दकोशातला नको, तू आईला सांगशील तसा. पोटेन्सी म्हणजे कमी मात्रेत किती जोर, एफिकसी म्हणजे जास्तीत जास्त किती परिणाम. बायोॲव्हेलेबिलिटी म्हणजे दिलेल्यातलं रक्तात किती पोचलं, शिरेतून दिलं तर 100 टक्के. असं. माझ्या वहीत साधारण दीडशे शब्द झाले आणि मग नवीन शब्द येईनातच.

रात्री अकरानंतर वाचू नकोस. लोकलमध्ये ती वही, दुपारी पुस्तक, रात्री झोप.

---

कोपरी_ईस्ट

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, माफ करा. सगळ्यांचं सगळं वहीत उतरवून घेतलंय.

क्लास नाही लावला. सकाळी साडेपाचला उठून एक तास गणितं, दुपारी दुकानात चिठ्ठी पद्धत, लोकलमध्ये शब्दांची वही. रात्री खरंच झोपते आता. दुकानातल्या सरांना सांगितलं की जेनेरिक म्हणत माल लावणार आहे तर ते म्हणाले मलाही ऐकव, आता दुपारी ते मला तोंडी विचारतात. मॅडम, तुमचं वाचून लायसन्ससमोर उभी राहिले, तीन वर्षं त्या फ्रेमवरची धूळ पुसतेय आणि 20 आणि 21 हे आकडे कधी पाहिलेच नव्हते. आणि एक प्रामाणिकपणे लिहिते, एच वनचं रजिस्टर आमच्याकडे आठवड्याच्या शेवटी एकदम भरलं जायचं. मी सरांना म्हटलं मी रोजचं रोज लिहू का, तर हो म्हणाले. आता माझ्या हाताने लिहिते, सर तपासून सही करतात, त्यामुळे यादीतली औषधं पाठ करावी नाही लागली.

काल परत सराव पेपर दिला. कायदा 64. फार्माकॉलॉजी 66. फार्मास्युटिक्स अजून 55 वरच, टॅब्लेटचे डिफेक्ट्स आणि इमल्शन राहिलंय. कॅपिंग आणि लॅमिनेशनमध्ये गोंधळ होतोय.

मॅडम एक शंका, शेड्यूल एक्सची चिठ्ठी दोन प्रतींत लागते ते वाचलं, आपण ठेवतो ती प्रत किती वर्षं? माझ्या दोन पुस्तकांत वेगवेगळं आहे.

ऐरोलीचे दादा, तुमच्या गणिताचं उत्तर: 12 गुणिले 15, 180 मिग्रॅ. 120 च्या सिरपमध्ये 1 मिलीत 24, म्हणून 7.5 मिली. 250 च्यात 1 मिलीत 50, म्हणून 3.6 मिली. आणि हे लिहायचं कारण, परवा संध्याकाळी एक बाई आल्या, कडेवर तापलेलं बाळ. आधी दुसरीकडून 120 चं नेलेलं, ते संपलं म्हणून चिठ्ठीवर 250 चं लिहून आणलेलं, आणि सहज म्हणाल्या की तेवढंच देते ना, साडेसात मिली, त्या टोपीने मोजून. माझ्या पोटात धस्स झालं. 375 मिग्रॅ झालं असतं, दुपटीपेक्षा जास्त. मी सरांना लगेच हाक मारली, सरांनी वजन विचारलं, डॉक्टरांना फोन केला आणि बाटलीवर पेनने मिलीचा आकडा लिहून दिला, मापाची छोटी सिरिंजपण दिली. महिन्याभरापूर्वी मी नुसतं बिल केलं असतं.

---

नौपाड्याच्या_मॅडम

दोन वर्षं. एच वनचं रजिस्टर तीन, एक्सच्या चिठ्ठीची प्रत दोन. आणि एक्सची औषधं कुलपात.

कॅपिंग म्हणजे गोळीचं वरचं किंवा खालचं टोपण निघून येतं, लॅमिनेशन म्हणजे गोळी मधून थराथराने सुटते. आत अडकलेली हवा हे दोन्हीचं नेहमीचं कारण. रविवारी इमल्शनचे प्रश्न पाठवते, फुटलेलं म्हणजे क्रॅकिंग आणि वर आलेलं म्हणजे क्रीमिंग, हलवल्यावर परत एक होतं ते क्रीमिंग, एवढं तोवर लक्षात ठेव.

---

गणितवाला_ऐरोली

दोन्ही उत्तरं बरोबर. त्या बाईंकडे ड्रॉप्स असते तर? 100 मिग्रॅ पर मिली.

---

कोपरी_ईस्ट

1.8 मिली.